आठ कलांचा फरक

व्हिडिओ असतो मिनिट-दीड मिनिटाचा. बासरी सुरू होते, पडद्यावर नॉटिलसचा शंख येतो आणि त्यावर एक सोनेरी रेघ गोल गोल फिरत उमटते. मग तीच रेघ सूर्यफुलावर बसते, चक्रीवादळाच्या उपग्रह-छायाचित्रावर बसते, अथेन्सच्या पार्थेनॉनवर, कुण्या नटीच्या चेहऱ्यावर आणि सरतेशेवटी एका दीर्घिकेवर. १.६१८ हा आकडा झळकतो. खाली ओळ येते : हा विधात्याचा अंक. नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर सकाळी सहाला आलेल्या या व्हिडिओखाली सातपर्यंत जोडलेल्या हातांची रांग लागलेली असते.

हात जोडणाऱ्यांची थट्टा करण्यात अर्थ नाही. सकाळी सकाळी कुणाला शंख आणि दीर्घिका एकत्र पाहाव्याशा वाटतात, पाहून भरून येतं, यात वाईट काय? खटकते ती रेघ. ती बसत नाही, बसवलेली असते.

पडताळून पाहायला फारसं गणित लागत नाही. सुवर्ण गुणोत्तराचं सर्पिल दर पाव फेऱ्याला १.६१८ पट रुंदावतं, म्हणजे पूर्ण फेऱ्यात जवळजवळ ६.८५ पट. नॉटिलसचा शंख पूर्ण फेऱ्यात रुंदावतो साधारण तीन पट; निम्म्यालाही पोहोचत नाही. पार्थेनॉनचा चौथरा सुमारे ६९.५ मीटर लांब आणि ३०.९ मीटर रुंद आहे. गुणोत्तर सव्वादोन, म्हणजे नऊला चार. त्याच्या दर्शनी भागावर सोनेरी चौकट बसवायची तर कुठल्या पायरीपासून कुठल्या टोकापर्यंत मोजायचं, हे आधी सोयीने ठरवून घ्यावं लागतं. (शिवाय रेघ जाड ओढली की उरलासुरला फरक तिच्याखाली झाकला जातो.)

दीर्घिकांची तऱ्हा निराळीच. सुवर्ण सर्पिलाचा कल सुमारे १७ अंशांचा असतो. दीर्घिकांच्या बाहूंचा कल कुठे दहा अंशांहून कमी, तर कुठे पंचविसाच्याही पुढे. एवढ्या पसाऱ्यात सतराच्या आसपासची एखादी सापडणारच, आणि व्हिडिओत नेमकी तीच येते. हे बाहू म्हणजे मुळात पक्क्या वस्तूही नव्हेत. चिआ-चिआओ लिन आणि फ्रँक शू यांनी १९६४ साली मांडलेल्या घनता-लहरींच्या कल्पनेनुसार त्यांची गत बोरघाटातल्या कोंडीसारखी आहे : गाड्या येतात, अडखळतात, पुढे निघून जातात, कोंडी मात्र आपल्या चालीने सरकत राहते. तारे बाहूत शिरतात आणि बाहेर पडतात. तिथे वायू दाबला जातो, त्यातून नवे तारे जन्मतात, त्यातले तापलेले निळे तारे थोडकं आयुष्य जगून तिथेच संपतात. म्हणून बाहू उजळ दिसतात. या सगळ्या उलाढालीला १.६१८शी काही देणंघेणं नाही.

यावर ठरलेलं उत्तर येतं : भावनेच्या जागी फूटपट्टी कशाला? श्रद्धेने पाहणाऱ्याने मोजायचं कशासाठी? हा प्रश्न योहानेस केपलरला विचारायला हवा होता.

केपलर (१५७१-१६३०) मनाने धर्मोपदेशक. ट्युबिंगनला त्याने धर्मशास्त्राचा अभ्यास केला आणि पोटापाण्यासाठी ग्राट्‌झला गणित शिकवू लागला. सुवर्ण गुणोत्तराचा त्याच्याइतका भक्त शोधून सापडायचा नाही. पायथागोरसच्या प्रमेयाच्या बरोबरीने भूमितीची दुसरी ठेव म्हणून तो त्याचं नाव घेई. १५९६च्या पुस्तकात त्याने विश्वाचा आराखडाच मांडला. त्या वेळी ठाऊक असलेले ग्रह सहा, त्यांच्यामधली अंतरं पाच, आणि सर्व बाजू सारख्या असलेल्या नियमित घनाकृतीही नेमक्या पाच. त्यातल्या द्वादशफलक आणि विंशतिफलक या दोन आकृतींच्या हाडामांसात सुवर्ण गुणोत्तर भिनलेलं आहे. देवाने ग्रहांच्या कक्षा या घनाकृतींवर बेतल्या, अशी केपलरची खात्री झाली. आजच्या सोनेरी रेघेपेक्षा ती कल्पना कितीतरी देखणी होती.

पुढे प्रागला त्याच्या हाती टायको ब्राहीची मंगळाची निरीक्षणं आली. दुर्बिणीचा शोध लागण्याआधीची, नुसत्या डोळ्यांनी घेतलेली, तरी एक-दोन कलांपर्यंत अचूक. केपलरने मंगळाला वर्तुळात बसवण्यासाठी काही वर्षं आकडेमोड केली. बहुतेक सगळं जुळलं. एके ठिकाणी आठ कलांचा फरक राहिला. आठ कला म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीचा जेमतेम पाव भाग, पूर्ण वर्तुळाचा सत्तावीसशेवा हिस्सा. टॉलेमीच्या पद्धतीत दहा कलांपर्यंतची चूक गृहीतच धरलेली असे, त्यामुळे कुणी बोट दाखवलं नसतं. केपलरचा युक्तिवाद मात्र थेट भक्ताचा आहे : टायकोसारखा निरीक्षक ही देवाची कृपा, तेव्हा त्याच्या निरीक्षणाकडे डोळेझाक करणं हा कृतघ्नपणा. त्याने दोन हजार वर्षांचं वर्तुळ टाकलं आणि १६०९ साली लंबवर्तुळ छापून टाकलं. घनाकृतींचा मोह काही त्याला पुरता सुटला नाही, ते पुस्तक त्याने १६२१मध्ये पुन्हा काढलं. पण मंगळाच्या बाबतीत आवडीच्या आकृतीपेक्षा आठ कलांचं पारडं जड ठरलं. निसर्गापुढचा नमस्कार करावा तर असा.

सुवर्ण गुणोत्तर निसर्गात अजिबात नाही, असं मात्र कुणी समजू नये. आहे, आणि ते पाहायला मंडईबाहेरची अननसाची गाडी पुरते. विक्रेता साल उतरवतो तेव्हा अननसाचे तपकिरी डोळे आतच राहतात. ते तो एकेक करून उकरत बसत नाही. सुरी तिरपी धरून खाचा पाडत जातो, कारण डोळे तिरप्या ओळींत असतात आणि एका खाचेत बरेच निघतात. खाचा मोजल्या तर एका दिशेच्या ओळी बहुधा आठ भरतात, उलट दिशेच्या तेरा. अधिक उभट ओळी मोजल्या तर एकवीस. ८, १३, २१ ही फिबोनाची मालिकेतली लागोपाठची पदं.

ही मालिका पिसाच्या फिबोनाचीने १२०२ साली सशांच्या जोड्यांच्या कोड्यातून मांडली. आपल्याकडे ती त्याआधीच ठाऊक होती, आणि सशांतून नव्हे तर वृत्तांतून आली होती. मोरोपंतांच्या आर्या पाठ करताना लघु-गुरू मोजलेल्या कुणालाही हे पटेल. लघू एक मात्रेचा, गुरू दोन मात्रांचा. चार मात्रा किती प्रकारे भरता येतील? शेवटी लघू ठेवला तर आधीच्या तीन मात्रा उरतात, त्या भरण्याचे प्रकार तीन. शेवटी गुरू ठेवला तर दोन मात्रा उरतात, त्यांचे प्रकार दोन. तीन आणि दोन, पाच. याच चालीने पाच मात्रांचे प्रकार आठ, सहा मात्रांचे तेरा. छंदशास्त्रकार विरहांकाने हे बाराव्या शतकाच्या कित्येक शतकं आधी सांगितलं होतं आणि गुजरातेतल्या जैन आचार्य हेमचंद्रांनी ११५०च्या सुमारास, फिबोनाचीच्या पन्नासेक वर्षं आधी. लागोपाठच्या दोन पदांचा भागाकार १.६१८च्या जवळ जवळ सरकत जातो : १३ भागिले ८ म्हणजे १.६२५, २१ भागिले १३ म्हणजे १.६१५. मित्राला नववर्षाची भेट म्हणून लिहिलेल्या हिमकणांवरच्या १६११च्या पुस्तिकेत या नात्याकडे लक्ष वेधणारा माणूस पुन्हा केपलरच.

पण अननसाला मात्रा मोजता येत नाहीत. मग हे होतं कसं? वाढत्या कोंबाच्या टोकाशी नवा अंकुर फुटतो तो आधीच्या अंकुरांपासून जितका दूर जाता येईल तितका दूर. ऑक्सिन नावाचं वाढीचं संप्रेरक जिथे साठलेलं असतं तिथे. वळण १२० अंशांचं असतं तर तीनच ओळी तयार झाल्या असत्या आणि मध्ये रिकाम्या भेगा पडल्या असत्या. पूर्ण फेऱ्याच्या कुठल्याही सोप्या अपूर्णांकाची हीच गत. भेगा टाळायच्या तर असं वळण हवं, जे कुठल्याच अपूर्णांकाच्या जवळ फार काळ रेंगाळत नाही. गणितात या बाबतीत सुवर्ण गुणोत्तराचा हात धरणारा दुसरा आकडा नाही, आणि त्याच्यातून येणारं वळण आहे १३७.५ अंशांचं.

पॅरिसमध्ये स्तेफान दुआदी आणि इव कुदेर यांनी १९९२ साली यावर एक नामी प्रयोग केला. तेलाने भरलेल्या तबकडीच्या मधोमध चुंबकीय द्रवाचे थेंब एकेक करून सोडले. थेंब एकमेकांना ढकलतात आणि चुंबकीय क्षेत्र त्यांना कडेकडे ओढतं. थेंब पुरेशा भरभर पडू लागल्यावर लागोपाठच्या दोन थेंबांमधला कोन १३७.५च्या आसपास येऊन ठेपला. तिथे बी नाही, जनुक नाही, जीव नाही, कुणी आराखडाही काढून ठेवलेला नाही. ज्याला भरून यायचं असेल त्याने इथे यावं.

आणि इथेही अपवादांशी प्रामाणिक राहावं लागतं. गणितज्ञ ॲलन ट्युरिंग १९५४मध्ये गेला तेव्हा याच प्रश्नावर काम करत होता. त्याच्या जन्मशताब्दीला, २०१२मध्ये, मँचेस्टरच्या विज्ञान संग्रहालयाने लोकांकडून सूर्यफुलं लावून घेतली आणि बियांच्या ओळी मोजवल्या. ६५७ फुलांचा हिशेब २०१६मध्ये प्रसिद्ध झाला. बहुसंख्य फुलं फिबोनाची निघाली. काही एका आकड्याने चुकली, काही भलत्याच मालिकेत निघाली, तर काहींच्या ओळी धड मोजताच येईनात. एवढं लांब तरी कशाला जायचं? अंगणातल्या प्राजक्ताचा सडा पाहावा. कुठल्या फुलाला पाच पाकळ्या, कुठल्याला सहा, कुठल्याला सात. मोहरीला तर चारच. यातलं एकही फूल देवाला वाहायचं कुणी थांबवत नाही.

ताऱ्यांकडे वळलं तर सुवर्ण गुणोत्तर तिथेही डोकावून गेलं आहे, आणि तेही केपलरच्याच नावाने. नासाच्या केपलर दुर्बिणीने केआयसी ५५२०८७८ या ताऱ्याचं तेज चार वर्षं टिपलं. तारा आकसतो आणि फुगतो. मुख्य ठेका साधारण साडेसहा तासांचा, दुसरा चार तासांच्या आसपासचा. जॉन लिंडनर, विल्यम डिट्टो आणि सहकाऱ्यांनी २०१५मध्ये दाखवून दिलं की या दोन ठेक्यांचं गुणोत्तर सुवर्ण गुणोत्तराच्या जवळ आहे आणि ताऱ्याच्या स्पंदनांत एक विचित्र, पण बेबंद नसलेली रचना दिसते. अशा ताऱ्यांना त्यांनी ‘सुवर्ण तारे’ म्हटलं. बातम्या झळकल्या. प्रत्यक्ष गुणोत्तर आहे सुमारे १.५८. फरक दोन टक्क्यांहून जास्त, आणि असले ठेके ताऱ्याच्या पृष्ठभागावरच्या कंपनांतूनही येऊ शकतात, असं दुसरं स्पष्टीकरण लगेच पुढे आलं. संशोधकांनी स्वतः ‘जवळ’ असाच शब्द वापरला होता. ‘जवळ’ गाळून टाकण्याचं काम मथळेवाल्यांनी केलं. आठ कलांसाठी वर्तुळ मोडणाऱ्या माणसाच्या नावाची दुर्बीण, आणि तिच्या निरीक्षणात दोन टक्क्यांना माफी!

ताऱ्यांची खरी गोष्ट दुसरीकडेच आहे. ऑक्टोबर १६०४मध्ये भुजंगधारी तारकासमूहात एक नवा तारा प्रकटला. केपलरने तो वर्षाहून अधिक काळ, मावळेपर्यंत पाहिला आणि त्यावर पुस्तक लिहिलं. त्याला तो जन्म वाटला. आज माहीत आहे की तो मृत्यू होता. आपल्या आकाशगंगेत नुसत्या डोळ्यांना दिसल्याची पक्की नोंद असलेला तो शेवटचा अतिनवतारा.

त्या मृत्यूचं गणित उलगडण्याची सुरुवात एका बोटीवर झाली. जुलै १९३०च्या अखेरीस एकोणीस वर्षांचा सुब्रह्मण्यन चंद्रशेखर मुंबई बंदरातून इंग्लंडला निघाला. आपल्या सूर्यासारखा तारा हायड्रोजन जाळत जगतो. सूर्याच्या पोटात दर सेकंदाला सुमारे ६० कोटी टन हायड्रोजनचं हेलियम होतं, साडेचार अब्ज वर्षांहून अधिक काळ होत आलं आहे आणि आणखी पाचेक अब्ज वर्षं पुरेल. मग तो फुगून तांबडा राक्षस होईल, बाहेरची आवरणं झटकून टाकील आणि मागे पृथ्वीएवढा निखारा उरेल : श्वेतबटू. या निखाऱ्याला वजनाची मर्यादा आहे, हे चंद्रशेखरने प्रवासात शोधलं. सूर्याच्या १.४ पट. त्यापुढे इलेक्ट्रॉनांचा दाब ताऱ्याला सावरू शकत नाही. हा आकडा कुठल्या सर्पिलात बसत नाही आणि त्याचे व्हिडिओही कुणी करत नाही.

जानेवारी १९३५मध्ये लंडनच्या सभेत खगोलशास्त्रज्ञ आर्थर एडिंग्टनने या शोधाची जाहीर टर उडवली. तारा असा वेड्यासारखा वागू नये म्हणून निसर्गात काहीतरी नियम असायलाच हवा, असा त्याचा आग्रह. एडिंग्टन श्रद्धाळू क्वेकर, गूढानुभवावर लिहिणारा. चंद्रशेखर स्वतःला नास्तिक म्हणवणारा. आक्षेप धार्मिक नव्हता, निसर्ग आपल्या पसंतीप्रमाणे चालावा असा हट्ट तेवढा होता. श्रद्धाळू केपलर मोजमापापुढे वाकला, श्रद्धाळू एडिंग्टन गणितापुढे वाकला नाही. चंद्रशेखरला नोबेल मिळालं १९८३ साली.

केपलरने पाहिलेला तारा असाच एक श्वेतबटू होता, जोडीदार ताऱ्यामुळे स्फोटाच्या उंबरठ्यावर पोहोचलेला. अशा एका स्फोटात सूर्याच्या निम्म्याहून अधिक वजनाचं निकेल तयार होतं आणि काही महिन्यांत त्याचं लोखंड होतं. रक्तातल्या हिमोग्लोबिनमधलं लोखंड अशाच स्फोटांतून आणि मोठ्या ताऱ्यांच्या मरणातून आलेलं आहे. ताऱ्यांच्या भट्टीत मूलद्रव्यं कशी घडतात याची सविस्तर मांडणी मार्गारेट आणि जेफ्री बर्बिज, विल्यम फाउलर आणि फ्रेड हॉईल यांनी १९५७मध्ये केली. हॉईल म्हणजे कोल्हापूरच्या जयंत नारळीकरांचे केंब्रिजमधले गुरू.

सोनं मात्र साध्या भट्टीत होत नाही. त्याला न्यूट्रॉनांचा भडिमार लागतो. १७ ऑगस्ट २०१७ रोजी अमेरिकेतल्या लायगो आणि इटलीतल्या व्हर्गो या यंत्रांनी १३ कोटी प्रकाशवर्षं दूर असलेल्या दोन न्यूट्रॉन ताऱ्यांची टक्कर नोंदवली. गुरुत्वीय लहरींची नोंद सुमारे शंभर सेकंद चालली, टकरीनंतर १.७ सेकंदांनी गॅमा किरणांचा लोळ आला. अकरा तासांनी चिलीतल्या दुर्बिणीला ती जागा चमकताना दिसली. नंतर नारायणगावजवळ खोडदच्या जीएमआरटीने, ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांनी, तिचा रेडिओ मागोवा घेतला. त्या प्रकाशात जड मूलद्रव्यांच्या खुणा होत्या. त्यातलं स्ट्रॉन्शियम २०१९मध्ये ओळखता आलं. सोन्याची स्वतंत्र खूण अजून हाती लागलेली नाही. पण जिथे ही प्रक्रिया घडते तिथे सोनं होतंच, आणि त्या एका टकरीत कित्येक पृथ्वींच्या वजनाइतकं झालं असावं, असा अंदाज आहे. मंगळसूत्राच्या वाटीतलं सोनं पृथ्वीच्या आधीचं आहे, सूर्याच्याही आधीचं.

असलं यंत्र आता हिंगोली जिल्ह्यात उभं राहतं आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३मध्ये २,६०० कोटी रुपयांच्या लायगो-इंडियाला मंजुरी दिली. जागा औंढा नागनाथजवळची. चार-चार किलोमीटर लांबीचे दोन काटकोनी बाहू, आणि त्यांच्या लांबीत होणारा प्रोटॉनच्या व्यासाहून शेकडो पटींनी लहान फरक पकडायचा. पुण्याच्या आयुकातल्या संजीव धुरंधर यांच्यासारख्यांनी गोंगाटातून असे संकेत वेचण्याच्या पद्धतींवर ऐंशीच्या दशकापासून काम केलं, तेव्हा असल्या यंत्राची कल्पनाही अनेकांना हास्यास्पद वाटत होती.

औंढा हे नाव मराठी माणसाला ज्योतिर्लिंगामुळे ठाऊक आहे, आणि विसोबा खेचरांमुळे. पिंडीवर पाय टाकून पडलेल्या विसोबांना नामदेवांनी हटकलं, तेव्हा जिथे देव नाही तिथे पाय उचलून ठेव, असं विसोबा म्हणाले. नामदेवांनी पाय उचलून पाहिले, तर जिथे ठेवावे तिथे पिंड, अशी कथा. देव एकाच आकड्यात, एकाच रेघेत बसवू पाहणाऱ्यांना ही कथा या मातीतूनच ऐकवता येईल.

महाशिवरात्रीला औंढ्यात लाखो लोक येतात. लायगोचं यंत्र सुरू व्हायला २०३० उजाडेल, कदाचित त्याहून उशीर होईल. तोवर तिथे काय उभं राहतंय याची मराठीतली एक धड माहिती देणारी खोली तरी एसटी स्थानकाजवळ असावी, एवढी मागणी राज्य सरकारकडे करायला हरकत नाही. तिच्यात २०१७च्या टकरीचा ध्वनिरूप संकेत ऐकवता येईल. तो चढत जातो आणि एकदम तुटतो. सूर्यफुलाचं वाळलेलं बोंड आणि ओळी मोजायला टाचण्या ठेवता येतील, आणि न जुळणारी बोंडंही त्यातच ठेवावीत. वसमत, कळमनुरीच्या शाळांच्या सहली नाहीतरी औंढ्याला येतातच. दर्शनाची रांग आटोपून पोरं तिथे तासभर मोजत बसली तर बसू द्यावीत.